दाजींची दाढी

बहिणीच्या नवऱ्याची थट्टा करायचा मेहुणीला हक्क असतो आणि त्याने रागवायचं नसतं, असं आमच्याकडे मानतात. हा हक्क मी आयुष्यभर मनसोक्त वापरला. माझे दाजी तात्याराव खंदारे, म्हणजे माझ्या मालनआक्काचा नवरा, पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची तर सांधा बदलावा लागतो, तो बदलणारा माणूस. हातात झेंडे, पायात रेल्वेचे जड बूट आणि तोंडाला कुलूप. माझं सगळं उलट. मी पालमजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई. पोरांवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला होता की आक्का म्हणायची, "सगुणे, हळू बोल माय, टेसनावरची गाडी सुटंल."

दाजींना चैन एकच होती. विडी नाही, पान नाही, पिक्चर नाही. दर रविवारी स्टेशन रोडच्या नागनाथच्या सलूनमध्ये जायचं, खुर्चीवर मान मागे टाकायची आणि दाढी करून घ्यायची. त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालत. आक्का चेष्टेने म्हणायची, सासुरवाडीला जातानासुद्धा हा माणूस इतका नटत नाही.

ह्यामागे एक गोष्ट होती, ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. दाजींच्या गावात न्हावी आमच्या वस्तीत येत नसे आणि आमच्या माणसांना त्याच्या दारात बसता येत नसे. दाजींचा बाप घरातल्या बोथट कात्रीने पोरांची डोकी भादरायचा, आणि मिसरूड फुटल्यावर पोरं एकमेकांची दाढी दगडावर घासलेल्या पात्याने करत. नोकरी लागून पूर्णेला आल्यावर दाजी पहिल्यांदा नागनाथच्या दुकानासमोर येऊन पायरीखाली उभे राहिले. आत शिरायचं की नाही, ते कळेना. आतून नागनाथ म्हणाला, "बसा की वर. उभ्यानं करायची का दाढी?" दाजी बसले. नागनाथने धुतलेला टॉवेल त्यांच्या गळ्याभोवती बांधला, गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, साबण फेसाळायला घेतला. "त्यो टॉवेल बांधला तवा मला वाटलं, आता खरा नौकरीला लागलो," असं दाजी सांगायचे. एरवी न बोलणारा माणूस ही गोष्ट मात्र सांगताना थकत नसे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. कुठे काय झालं ते ज्यांनी भोगलं त्यांना माहीत आहे, मी इथे उगाळत बसत नाही. दाजींच्या गावात वस्तीवरची घरं जळाली, त्यात त्यांच्या आईचंही घर गेलं. म्हातारी अंगावरच्या लुगड्यानिशी आणि एका शेळीसह पूर्णेला आली. शेळी का आणली असं विचारलं तर म्हणाली, "दाव्याला बांधलेली व्हती, तिला कोन सोडनार व्हतं?" दाजी गावाला जाऊन राख बघून आले. आल्यावर दोन दिवस ते ड्यूटीवर गेले, आले, जेवले. रविवारी धुतलेला सदरा घालून नागनाथकडे गेले आणि पायरीखालीच उभे राहिले.

"नागनाथ, आता विद्यापीठाला नाव लागंस्तोर तुझा वस्तरा बंद," ते म्हणाले.

नागनाथचा चेहरा उतरला. "म्या काय केलं, तात्याराव?"

"तू काई न्हाई केलं. तुझ्यावर राग न्हाई. मला जे लय आवडतं तेच सोडायलोय. नावडतं सोडलं तर त्यात काय मोठं?"

नागनाथ खाली उतरला. त्याने दाजींचा हात धरला आणि म्हणाला, "मंग एक ऐका. ज्या दिवशी नाव लागंल त्या दिवशी वस्तरा म्याच लावनार. दुसऱ्या कुनाच्या हातून करून घ्यायची न्हाई." दाजींनी मान हलवली. ही सगळी बोलणी नागनाथने मला पुढे सांगितली, आणि प्रत्येक वेळी सांगताना तो आपला उजवा हात बघायचा.

मला हे कळलं तेव्हा मी तोंड सोडलं. "काय हो दाजी, बुद्धाच्या माणसाने नवस बोलायचा असतो का?"

"नवस देवाला बोलतेत," ते म्हणाले. "म्या माझ्यासंगं बोललोय."

दाढी वाढत गेली. आधी काळी, मग करडी, मग छातीपर्यंत. रेल्वेतले लोक त्यांना बुवा म्हणायला लागले. एकदा तर खेड्यातली एक बाई फलाटावर त्यांच्या पाया पडली आणि पोराला मूल होईल का म्हणून विचारू लागली. दाजी कासावीस होऊन म्हणाले, "बाई, म्या गाडीचा रूळ बदलतो, नशीब न्हाई बदलत." मी ही गोष्ट शाळेत, बाजारात, लग्नाकार्यात सांगत सुटले. दाढीत चिमण्या घरटं करतील म्हणाले, दाढीत रेल्वेची किल्ली हरवेल म्हणाले. ते नुसते गालात हसायचे. म्हणजे हसत असावेत. दाढीमुळे काही कळायचं नाही.

वर्षं गेली. मोर्चे झाले, दाजी रजा टाकून सत्याग्रहात गेले, काही दिवस जेलमध्येही राहून आले. दर अधिवेशनाच्या आधी हवा उठायची की या खेपेला नक्की. मग नागनाथ नवी ब्लेडची पाकिटं आणायचा, एक बाजूला ठेवायचा. अधिवेशन संपायचं, काही व्हायचं नाही, ते ब्लेड दुसऱ्या कुणाच्या दाढीला जायचं.

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आक्काच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी क्वार्टरच्या अंगणात बायकांचा नुसता गोंधळ. नवरदेवाला लावून उरलेली हळद मी मूठभर घेतली आणि दाजींना गाठलं. "आज तर सोडणारच नाही. पिवळी दाढी करते तुमची." बायका हसायला लागल्या. मी दोन्ही हातांनी त्यांच्या दाढीत हळद चोळली, आणि माझी बोटं थांबली.

उजव्या कानाखाली, जबड्याच्या खालच्या कडेला गाठ होती. आंब्याच्या कोयीएवढी. आवाळू मी पाहिलेलं आहे, आमच्या आजीच्या पाठीवर होतं, मऊ असतं आणि बोटाखाली सरकतं. ही गाठ दगडासारखी होती आणि जागची हलत नव्हती. दाजींनी माझं मनगट धरलं. बायकांना वाटलं, मेहुणीला अडवतायत.

"लग्न होऊ दे," ते हळूच म्हणाले.

मी हसले. त्या दिवशी मी जितकी हसले तितकी आयुष्यात हसले नसेन, आणि हळदीचा हात पदराआड मिटून ठेवला.

लग्न आटोपल्यावर पाहुणे गेले, तेव्हा मी आक्काला सांगितलं. आक्काने पदर तोंडाला लावला. तिला गाठीचं माहीतच नव्हतं. एका घरात, एका ताटात जेवणारी बाई, पण दाढीआड काय आहे हे तिला दिसलं नव्हतं. मी म्हणाले, परभणीला दाखवू. तर आक्का उलटी फिरली. "सुई लावू देऊ नको, सगुणे. गाठीला डिवचलं की ती चिडती. चांगुणाबाईचं काय झालं? सुई टोचली आन सहा महिन्यात मानूस संपलं."

चांगुणाबाई शेजारच्या क्वार्टरमधली. तिच्या छातीत गाठ होती, ती तिने इतके दिवस लपवली की दवाखान्यात गेली तेव्हा ती फुटायला आली होती. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर सुई. मेलेल्या माणसाच्या जवळ शेवटी जो उभा असतो त्याच्यावर आळ येतो, तशातली गत.

मी आक्काचं ऐकलं नाही. शाळेला सुट्टीच होती. दाजींना घेऊन सकाळच्या पॅसेंजरने परभणीला गेले. तिथल्या डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि आम्हाला पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बाई मूळच्या सेलूच्या, औरंगाबादला शिकून नव्यानेच परभणीत आलेल्या. सगळे त्यांना सुमनबाईच म्हणत. दाजी खुर्चीवर बसले आणि आत आल्यापासून पहिलं वाक्य बोलले. "दाढी काढावी लागंल का?"

सुमनबाईंनी वर पाहिलं. "दाढी? दाढी कशाला काढायची?"

"गाठीचा तुकडा काढायला."

"तुकडा नाही काढायचा, काका. ही बघा." त्यांनी ट्रेमधली सुई दाखवली. इंजेक्शनला असते तशीच, बारीक. "हिने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून घ्यायच्या. आत जे काही आहे त्याचा एखादा थेंब. भूल नको, टाका नको, दाढी काढायची तर काहीच गरज नाही. केस बाजूला धरले की झालं. बाई, तुम्ही धरता का?"

मी धरले. ज्या दाढीची मी इतकी वर्षं टवाळी केली ती दोन्ही हातांनी दुभंगून, डावीकडे-उजवीकडे ओढून धरली. मध्ये बोटभर कातडी उघडी झाली. पुष्कळ वर्षांत ऊन न लागलेली ती कातडी लहान मुलाच्या अंगासारखी फिकट होती. सुमनबाईंनी स्पिरिटने पुसलं. डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठ पक्की धरली आणि सुई आत घातली. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून त्यांनी सुई गाठीतल्या गाठीत मागेपुढे केली, जागा बदलून पुन्हा केली. दाजींनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. सुई बाहेर आली, बाईंनी कापूस दाबायला दिला. सिरिंजमध्ये मला काहीच दिसलं नाही. पण त्यांनी सुईचं टोक काचेच्या पट्टीवर टेकवून दट्ट्या दाबला तेव्हा एक गढूळ थेंब पडला. दुसऱ्या पट्टीने तो पसरला, लोणी भाकरीवर लावावं तसा, आणि काच एका बरणीतल्या पाण्यासारख्या औषधात बुडवली.

"हिने गाठ चिडत नाही का?" मी विचारून घेतलं, आक्कासाठी.

"गाठ आधीच आपल्या मर्जीने वाढत असते. सुई नुसती विचारते, तू कोण आहेस म्हणून," त्या म्हणाल्या. "उशिरा विचारलं तर मात्र उत्तर वाईट येतं. मग लोक सुईला दोष देतात."

दाजी कापूस दाबून बसले होते. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच, काका."

दाजी माझ्याकडे बघायला लागले. तसं बघणं मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, दुखलं असेल. परतीच्या गाडीत मला कळलं की ते काय होतं.

गाडीने परभणी सोडली, मिरखेल गेलं, आणि दाजी खिडकीबाहेर बघत आपणहून बोलायला लागले. दोन वर्षांपूर्वीच ही गाठ त्यांच्या हाताला लागली होती. दाढी विंचरताना फणी अडली. तेव्हा सुपारीएवढी होती. कुणाला न सांगता ते एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. कुठल्या, ते मी सांगत नाही, आता त्याचा उपयोगही नाही.

"डाक्टरनं हात लावून बघितलं. म्हनला, तुकडा काढून तपासायला धाडू. म्या म्हनलो, काढा. मंग भाईर आलो तर तितला एक मानूस म्हनला, हे जंगल घिऊन टेबलावर येऊ नका. न्हाव्याकडून गुळगुळीत करून या उद्या."

"मग?"

"मंग आलो पूर्णेला. नागनाथच्या दुकानाभाईर बाकड्यावर बसलो. त्यो म्हनला, च्या घ्या. घेतला. आन घरी आलो."

"नागनाथला सांगितलं नाही?"

"काय सांगू? म्या बोललो असतो तर त्यानं वस्तरा काढला असता. मला न्हाई म्हनता आलं नसतं. आन त्याचा हात थरथरला असता." मग म्हणाले, "तवा या अधिवेशनात नाव लागनार म्हनत व्हते. म्या म्हनलो, चार महिन्यानं काय व्हतं? नाव लागलं की एकदमच करू. दाढीबी आन गाठबी."

मी पिशवीतला पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे केला. ते पुन्हा म्हणाले, "म्हंजे केस नुसतं बाजूला धरायचं व्हतं." ते मला सांगत नव्हते. स्वतःशीच बोलत होते.

मला राग आहे आणि तो मी सोडलेला नाही. मान वर न करता 'गुळगुळीत करून या' म्हणणाऱ्या त्या माणसावर आहे. का करत नाही, असं एकदा विचारलं असतं तर त्याचं काय जात होतं? त्या डॉक्टरवर आहे, ज्याला आपला पेशंट परत का आला नाही असा प्रश्न पडला नाही. दाजींवर तर सगळ्यात जास्त आहे. तोंडाला कुलूप लावून जगलात, निदान एवढ्या एका गोष्टीला तरी कुलूप उघडायचं. आणि सरकारवर आहे. एका पाटीवर एक नाव रंगवायला किती वर्षं लागतात? माझ्या शाळेत पहिलीतलं पोर पंधरा दिवसांत आपलं नाव लिहायला शिकतं. त्या वर्षी ती बारीक सुई त्या दवाखान्यात असेल की नसेल, मला माहीत नाही. असती तरी तिच्यापर्यंत जायला आधी त्या एका वाक्यावरून जावं लागत होतं, आणि दाजी त्या वाक्यावरून परत फिरले.

रिपोर्ट आणायला मी एकटी गेले. सुमनबाईंनी मला बसवलं आणि सरळ सांगितलं. कॅन्सर होता. लाळेच्या ग्रंथीतून उठलेला आणि आजूबाजूला पसरलेला. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्यांनी रिपोर्टची घडी घातली. "खात्रीने कुणी सांगणार नाही, बाई. पण सुपारीएवढी होती तेव्हा बहुतेक कापून काढता आली असती." मी ती गोष्ट घरी कुणाला सांगितली नाही. दाजींनी विचारलीही नाही.

आम्ही बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात गेलो. तिथे जाड सुईने पुन्हा नमुना घेतला, दोरीच्या तुकड्यासारखी एक बारीक कांडी निघाली आणि तिनेही तेच सांगितलं. गाठीने रक्ताची मोठी नस धरली होती, त्यामुळे कापता येत नव्हती. मशीनच्या किरणांचा शेक द्यायचं ठरलं. तिथले डॉक्टर दाजींना म्हणाले, "आम्ही दाढी काढत नाही. पण ज्या बाजूला शेक बसेल तिथले केस गळतील, हे आधीच सांगतो."

दाजींनी विचार केला. "वस्तरा तर न्हाई लावनार ना तुमी?"

"नाही."

"मंग गळू द्या. झाडाची पानं गळली म्हंजे कुनी झाड तोडलं असं व्हत न्हाई."

केस गळले. उजव्या बाजूचे सगळे, मुळासकट. सकाळी उशीवर पुंजके दिसायचे. आक्का ते वेचून एका फडक्यात बांधून ठेवायची. दाजी म्हणायचे, टाकून दे. ती हो म्हणायची आणि फडकं ट्रंकेत खाली सरकवायची. शेक संपला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू काळवंडली होती, कातडी ताठ झाली होती आणि हात लावलेला कळत नव्हता. डाव्या बाजूला मात्र पांढरी दाढी तशीच लोंबत होती. असा अर्धा चेहरा घेऊन ते पूर्णेला परतले. मी त्यानंतर कधी त्यांची थट्टा केली नाही. एकदा त्यांनीच विचारलं, "सगुणा, आजकाल काई बोलत न्हाईस? चिमन्या कुटं गेल्या?" मी म्हणाले, स्वयंपाकाचं बघते, आणि आत जाऊन चुलीपाशी रडले.

एक वर्ष बरं गेलं. गाठ बसली, दाजी हलक्या कामावर परत गेले, नातवाला मांडीवर घेऊन गाड्या दाखवायला लागले. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. कॅन्सर छातीत उतरला होता. बार्शीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आम्हाला कळलं, आणि दाजींनाही कळलं. त्यानंतर ते फक्त एकच गोष्ट विचारायचे. "काई बातमी?" तब्येतीची नव्हे. नावाची.

मी मनात म्हणत होते, अजून थोडं. इतकी वर्षं थांबलात, आता थोडंच. हे मी दाजींना म्हणत होते की सरकारला, मला ठाऊक नाही.

संक्रांतीच्या दिवशी नाव लागलं. रेडिओवर सांगितलं तेव्हा सगळी रेल्वे कॉलनी रस्त्यावर आली. फटाके, निळा गुलाल, विहारासमोर हलगी. आक्का दारात उभी राहून रडत होती. मी आत दाजींच्या खाटेशी बसले आणि त्यांना सांगितलं. आवाज अगदी खोल गेला होता त्यांचा. "काय नाव दिलंय? नीट सांग."

शिक्षिका असल्यामुळे मला खोटं सांगता आलं नाही. "डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. मराठवाडा ठेवलंय, आधी बाबासाहेबांचं लावलंय. नामविस्तार म्हणतायत."

ते छताकडे बघत राहिले. बाहेर हलगी वाजत होती. "म्हंजे नामांतर न्हाई."

"नाही दाजी. पण नाव लागलंय."

मला वाटलं, आता हा माणूस नाही म्हणणार. त्याच्या बोलण्याचा एकेक शब्द त्याने पाळलाय, तर आता कसा सोडेल? मग त्यांच्या ओठांची डावी कड हलली. "माझ्या बोलन्यात एवढं बारीक नव्हतं," ते म्हणाले. "नाव लागंस्तोर म्हनलो व्हतो. लागलं. बोलाव नागनाथला."

नागनाथला बोलवावं लागलं नाही. तो धोकटी घेऊन दारातच उभा होता. केसांत गुलाल, डोळे लाल, सदरा धुतलेला. दुकान बंद करून आला होता. त्याने दाजींना उशांना टेकवून बसवलं, गळ्याभोवती पांढरा टॉवेल बांधला, वाटीत गरम पाणी घेतलं आणि साबण फेसाळला. त्याने दाजींचा चेहरा बघितला असणारच, आधीही कितीदा आला होता. तरी त्याने दोन्ही गालांना सारखा फेस लावला. दाजींचा चेहरा पांढरा झाला, आणि त्या फेसात दोन्ही बाजू एकसारख्या दिसायला लागल्या. दाजींनी डोळे मिटले.

डावी बाजू नागनाथने हळूहळू केली. आधी कात्रीने छाटून, मग वस्तऱ्याने. पात्याखाली खरखर आवाज येत होता. मग तो खाटेला वळसा घालून उजवीकडे आला. तिथे एक केस नव्हता. नागनाथ क्षणभर थांबला. मग त्याने वस्तरा उलटा केला आणि पात्याच्या बोथट पाठीने फेस काढू लागला. वरून खाली, मग कडेने, मग जबड्याखाली, जिथे कधी गाठ होती तिथेही. कातडी बोटाने ताणून, मान तिरकी करून बघत, जशी दाढी करतात तशीच.

"आवाज येईना, नागनाथ," दाजी डोळे न उघडता म्हणाले.

नागनाथच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण हात थांबला नाही. "नवी धार हाय, तात्याराव. नव्या धारेला आवाज नसतोय."

मी भिंतीकडे तोंड केलं.

फेस पुसून झाल्यावर नागनाथ वाटी धुवायला नळावर गेला. दाजींनी डोळे उघडले आणि मला बोटाने जवळ बोलावलं. "उजवीकडं काईच नव्हतं," ते म्हणाले.

मी त्यांची उशी सारखी केली.

"मला काय कळत न्हाई व्हय? समदं बार्शीला उशीवर ऱ्हायलं. पर त्यो इतकी वर्सं थांबला. आर्धीच हाय म्हनून त्याला कसं सांगू?" त्यांना धाप लागली. "तूबी सांगू नको."

नागनाथ परत आला. त्याने तुरटीचा खडा ओला करून दोन्ही गालांवर फिरवला. ताज्या दाढीवर तुरटी झोंबते तेव्हा माणूस जसं तोंड करतो तसं दाजींनी केलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवी बाजू कधीच बधिर झालेली होती.

"झोंबली का?" नागनाथने विचारलं.

"लय," दाजी म्हणाले.

फेब्रुवारी लागायच्या आत दाजी गेले. अंघोळ घालताना नागनाथ आला. दाजींच्या डाव्या गालावर पांढरे खुंट उगवले होते, उजवा गाल होता तसाच होता. नागनाथने डाव्या गालावरून हात फिरवला, मग उजव्यावरून, आणि उजव्यावरच ठेवला. आक्का, दाजींची म्हातारी आई, सगळ्या बायका बघत होत्या. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही बाजू बगा, बाई. काय साफ झालती. आजून खुंट न्हाई आला."

मी म्हणाले, "नवी धार होती ना, नागनाथभाऊ."